मानद की माननीय?

प्रति,
मा. भाषा संचालक,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र शासन,
वांद्रे (पूर्व), मुंबई.

विषय : आमच्या सोसायटीचा रबरी शिक्का.
संदर्भ : आपला पदनाम कोश, १९६२.

महोदय / महोदया,

मुलुंड पूर्वेला स्टेशनबाहेर एक शिक्केवाला बसायचा. टेबलाएवढी टपरी, वर चाव्यांचे जुडगे टांगलेले, काचेखाली निळ्या-जांभळ्या शाईतले नमुने. दहा-बारा वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा जुना इंग्रजी शिक्का घेऊन त्याच्याकडे गेले. त्यावर ‘हॉन. सेक्रेटरी’ असं होतं. म्हटलं, हाच मराठीत करून द्या. त्यानं काही विचारलं नाही आणि मीही जास्त सांगितलं नाही. दोन दिवसांनी शिक्का तयार : ‘माननीय सचिव’.

इंग्रजीत ‘हॉन.’ हे दोन वेगळ्या शब्दांचं एकच आखूड रूप. एक ऑनररी, म्हणजे पगार न घेता काम करणारा. दुसरा ऑनरेबल, म्हणजे सन्माननीय. मी पहिल्या जातीची होते, शिक्केवाल्यानं मला दुसऱ्या जातीत बसवलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर, टाकीच्या सफाईची नोटीस असो की थकबाकीचं पत्र, मी स्वतःच स्वतःला माननीय म्हणवून घेत सह्या करत होते. ज्या ज्या कचेऱ्यांत ती पत्रं गेली तिथं कुणालाही ते खटकलं नाही. खटकलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त काकांना. जिन्यात गाठून म्हणाले, “बाई, माननीय दुसऱ्यानं म्हणायचं असतं.” मी घरी आले आणि ब्लेडनं रबरातलं ‘ननीय’ कापून टाकलं. उरलं ‘मा सचिव’. ज्याला मानद वाचायचं त्यानं मानद वाचावं, ज्याला माननीय वाचायचं त्यानं माननीय.

तो कापलेला शिक्का अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हे पत्र त्याच्यामुळेच लिहिते आहे. पदांची नावं ठरवणं हे तुमच्याच कार्यालयाचं काम. १९६० साली राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं आणि दोन वर्षांत पदनाम कोश आला. कारभार मराठीत करायचा तर आधी खुर्च्यांना मराठी नावं हवीत, असा तो सरळ हिशेब. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं, ही गोष्ट मराठी माणूस आजही चवीनं सांगतो. सांगतो मात्र आयुक्त, संचालक, अधीक्षक, अभियंता हे शब्द त्याच दमात वापरत. त्या पिढीच्या कोशांनी रुळवलेल्या शब्दांना आता कुणी हसत नाही, ते कोशातून आले हेही कुणाला आठवत नाही. त्यामुळे मी तुमची थट्टा करायला बसलेली नाही. माझी तक्रार एवढीच की काम अर्धं राहिलं.

शिवाय तुमचं कार्यालय वांद्र्याला, म्हणजे आमच्याच उपनगर जिल्ह्यात. शेजाऱ्याला सांगितल्यासारखं सांगते.

आमच्या कागदांवर अध्यक्ष, सचिव, खजिनदार आहेत. आदर्श उपविधींच्या मराठी प्रतीत तेच आहेत, इतिवृत्तातही तेच. तोंडात मात्र चेअरमन, सेक्रेटरी, ट्रेझरर. अठ्ठावीस बिऱ्हाडांत एकही माणूस मला कधी ‘अध्यक्षांना भेटायचंय’ म्हणालेला नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, कुठंही जा, हेच. पण शिक्क्यावर एक आणि तोंडात दुसरं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी पदनामांना संस्कृत नावं मिळाली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पुढं ज्या भट घराण्यात मुख्य प्रधानपद राहिलं त्यांच्या शिक्क्यांवर ‘मुख्य प्रधान’ असंच कोरलेलं असे. आणि सगळा महाराष्ट्र त्यांना काय म्हणत राहिला? पेशवे. प्रत्यक्ष छत्रपतींच्या कोशाला जे जमलं नाही ते आमच्या मुलुंडच्या शिक्केवाल्याला कसं जमावं!

सचिव मात्र टिकला, त्याचा मला व्यक्तिशः आनंद आहे. सुरनिसाचं काम होतं पत्रांचे मसुदे वाचायचे आणि चुका दुरुस्त करायच्या. मी सेक्रेटरी असताना सहा वर्षं याहून वेगळं काही केलं नाही, पुढं चेअरमन झाले. हिशेब सांभाळणारा मुजुमदार म्हणजे आमचा ट्रेझरर. मुजुमदार, सबनीस, चिटणीस, फडणीस यांची पदं कधीच गेली, आता ती मंडळी आडनावं होऊन लिफ्टमध्ये भेटतात.

तर चेअरमनला हाकलून द्या, असं मी म्हणणार नाही. तो शब्द आता इंग्रजांचा राहिलेला नाही. गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण संस्था १९१५ सालची, म्हणजे सोसायटी नावाची गोष्टच मुंबईत शंभर वर्षांहून जुनी. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले चेअरमन अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. तिथून पुढं हा शब्द उसाबरोबर गावोगाव पोचला. विकास सोसायटीचा चेअरमन एकदा झालेला माणूस लग्नपत्रिकेत आयुष्यभर ‘माजी चेअरमन’ असतो. जो शब्द लग्नपत्रिकेत शिरला तो मराठी झाला, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पण असं का झालं हे शोधायला नको? मला वाटतं, ‘अध्यक्ष’ या शब्दाला आपण व्यासपीठावरून खाली उतरूच दिलं नाही. अध्यक्ष म्हटलं की शाल, श्रीफळ आणि समारोपाचं भाषण डोळ्यांपुढं येतं. साहित्य संमेलनाला संमेलनाध्यक्षच लागतो, तिथं कुणी चेअरमन म्हणून बघावं. पण ज्याच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतं आहे तो माणूस रात्री साडेदहाला ज्याची बेल वाजवतो, तो अध्यक्ष कसा असेल? तो चेअरमनच. आणि मग त्या शब्दाबरोबर त्याचा तोराही येतो. सहकार कायद्याचं ७२ वं कलम सांगतं की संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. ‘चेअरमन को पूछो’ म्हणणाऱ्या आमच्या वॉचमनला आणि पार्किंगसाठी माझ्यापुढं हात जोडणाऱ्या भाडेकरूला हे कलम कुणी सांगायचं? अध्यक्ष म्हणजे सभेपुढं बसणारा. सभा उठली की तोही उठतो. चेअरमनची खुर्ची मात्र लोक त्याच्या घरी नेऊन ठेवतात.

मराठी पदनाम मुंबईत चालत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी शाखाप्रमुखाची आठवण करून देते. १९६६ साली शिवसेना निघाली आणि गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख अशी सबंध शिडी मराठीत उभी राहिली. राजकारण कुणाला आवडो न आवडो, पण घाटकोपरचा गुजराती व्यापारी, साकीनाक्याचा भय्या आणि वांद्र्याचा कॅथलिक माणूस, सगळ्यांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. त्याचं इंग्रजी करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. काम तिथं होतं, म्हणून नाव तोंडात बसलं. नगरसेवक तसाच. इंग्रजी कॉर्पोरेटरमध्ये सेवेचा मागमूस नाही, आपल्या शब्दात निदान नावापुरती तरी आहे. आमदार-खासदार तर आम आणि खास या मूळच्या अरबी शब्दांवरून बनलेले आणि तरीही इतके आपले की शेजारच्या कोणत्याही राज्याला ते हवेसे वाटावेत. आणि महापौर! मुंबईच्या पालिकेचा प्रमुख पूर्वी प्रेसिडेंट होता, १९३१ पासून मेयर झाला. त्या मेयरला सावरकरांनी दिलेला महापौर हा शब्द आज रिक्षावाल्यालाही परका नाही.

महापौरावरून बायकांकडे येते. आमच्याकडे मी चेअरमन झाले तेव्हा पहिला आठवडा नुसता मला काय म्हणायचं यात गेला. चेअरमन मॅडम, चेअरवुमन, लेडी चेअरमन, अध्यक्षा, अध्यक्षबाई, सगळं ऐकून झालं. एका आजोबांनी तर मोठ्या कौतुकानं ‘सभानेत्री’ म्हटलं. तो शब्द मी जुन्या मासिकांबाहेर पहिल्यांदाच ऐकला. इंग्रजीनं १९७० नंतर मॅनच्या जागी पर्सन बसवला आणि पुढं तेही सोडून नुसतं ‘चेअर’ म्हणायला सुरुवात केली. गंमत म्हणजे सभा चालवणाऱ्या माणसालाच खुर्ची म्हणायची चाल त्या भाषेत सतराव्या शतकातली आहे. त्यांनी जुनंच बाहेर काढलं. आपण मात्र त्यांनी टाकून दिलेला चेअरमन जपून ठेवला आणि पुढं मॅडम जोडली.

आता मुंबईच्या महापौरपदाकडे बघा. १९५६ साली सुलोचना मोदी, पुढं निर्मला सामंत-प्रभावळकर, शुभा राऊळ, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, किशोरी पेडणेकर. एकीलाही कुणी महापौरा किंवा महापौरीण म्हटलं नाही. शब्द तोच राहिला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. आमदारही तसाच. मुख्यमंत्रीही तसाच चालेल, शब्द तयार आहे, महाराष्ट्राला अजून बाई मिळायची आहे. आपल्याकडे ‘ईण’ लावली की पंचाईत होते. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. डॉक्टरीणबाई स्वतः डॉक्टर असेल, नाहीतर डॉक्टरांच्या घरातली असेल. सरपंचबाईंच्या नावानं सरपंचपती सह्या ठोकतो हे आपण गावागावांत पाहिलं. म्हणून माझं मत : अध्यक्ष म्हणजे अध्यक्ष, पुरुष असो की बाई. कुसुमावती देशपांडे १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, तिथपासून अध्यक्ष की अध्यक्षा हा घोळ चालू आहे. ‘पती’वाल्या शब्दांचं दुखणं निराळं. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा किती चेष्टा झाली ते आठवतं ना? सभापती, कुलपती, सेनापती, सगळे त्याच वाटेवर उभे आहेत. त्यावर माझ्याकडे तोड नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.

सेक्रेटरीच्या बाबतीत तर आपण श्रीमंत आहोत, तेही सांगून टाकते. पक्षात सरचिटणीस, ग्रंथालयात आणि नाट्यसंस्थेत कार्यवाह, मंत्रालयात आणि सोसायटीत सचिव. घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या गुजराती मंडळांत अध्यक्षाला प्रमुख म्हणतात आणि सेक्रेटरीला मंत्री. आमच्याकडे एकदा एका बेनचं पत्र आलं, खाली सही ‘मानद मंत्री’. आमचे ट्रेझरर दचकून म्हणाले, “मंत्रालयातून आलंय का?” त्या बेननी निदान मानद तरी बरोबर लिहिलं होतं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास निघाला आहे. एका माणसाचं काम राहिलं नाही. बिल्डरच्या बैठका, वकील, आर्किटेक्ट, आणि ज्यांच्या घरी दोन भावांचं भांडण आहे त्यांची समजूत. कमिटीत ठरलं की मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बेन, दोघींनी मिळून अध्यक्षपद सांभाळायचं. कागद माझ्याकडे, माणसं त्यांच्याकडे. नोंदीला एक नाव लागतं, ते माझं. मग बेनना काय म्हणायचं? कुणीतरी म्हणालं, उपाध्यक्ष. बेन चाळीस वर्षं मुलुंडला आहेत, मराठी त्यांच्या पद्धतीनं झकास बोलतात. त्या म्हणाल्या, “उप म्हणजे खाली ना? मी खाली नाय बसणार. बाजूला बसते.”

मी घरी येऊन शब्दकोश उघडला. संस्कृतात ‘उप’ म्हणजे जवळ, शेजारी. उपनयन म्हणजे जवळ नेणं, उपवास म्हणजे जवळ राहणं. आपलं उपनगरसुद्धा नगराच्या जवळचं ते उपनगर. म्हणजे बेन जे मागत होत्या तेच तो शब्द मुळात सांगतो. पण उपनगरात राहणाऱ्याला हे कोण पटवणार? आम्ही सकाळी आठच्या लोकलला लोंबकळत नगराकडे जाणारी माणसं, उप म्हणजे खालचा हे आम्हाला कोश उघडल्याशिवाय कळतं. नासिकराव तिरपुडे १९७८ साली राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले, तेव्हापासून त्या पदावरच्या प्रत्येकाचा जीव या दोन अक्षरांत अडकलेला आहे. घटनेत ते पदच नाही, ही गोष्ट अलाहिदा.

मग सहअध्यक्ष? इथं मात्र तुमच्या कोशांनी करून ठेवलेला गुंता आडवा येतो. मुंबईत राहणाऱ्या माणसाला सरकारात ‘सह’ कुठं कुठं भेटतो पाहा. पालिकेत सहआयुक्त म्हणजे जॉइंट कमिशनर, वरचा अधिकारी. टी वॉर्डात आमच्या गटाराची तक्रार ऐकणारा सहायक आयुक्त म्हणजे असिस्टंट, त्याच्यापेक्षा बराच खालचा. सहकार खात्यात सहायक निबंधक, त्याच्यावर उपनिबंधक, त्याच्यावर सहनिबंधक. आमच्या कमिटीतले एक गृहस्थ उपनिबंधकाच्या आदेशावर अपील करायचं म्हणून सहनिबंधकांकडे जायला तयारच होईनात. त्यांना वाटायचं, सह म्हणजे सहायक, हा तर उपच्या खालचा! वकिलानं कागदावर उतरंड काढून दाखवली तेव्हा कुठं पटलं. कॉलेजात सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक. मंत्रालयात अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, अपर मुख्य सचिव. अवर आणि अपर यांत एका अक्षराचा फरक आणि मध्ये अर्धं मंत्रालय.

या अपरचं तर फारच वाईट झालं. तुमचा संस्कृत ‘अपर’, म्हणजे दुसरा, आणखी एक. इंग्रजी ॲडिशनलसाठी नेमका शब्द. पण लोकांनी त्यात इंग्रजी ‘अप्पर’ ऐकलं आणि तोच लिहायला घेतला. अप्पर तहसीलदार, अप्पर जिल्हाधिकारी, अप्पर पोलीस अधीक्षक हे आता वर्तमानपत्रात राजरोस छापून येतं. बर्थ रिझर्व्ह केल्यासारखं वाटतं. इंग्रजी हटवायला आणलेला शब्द इंग्रजी होऊन बसला, याहून मोठी फजिती कोशाची होणार नाही. आणि याच ॲडिशनलसाठी आमच्या पालिकेत सरळ ‘अतिरिक्त आयुक्त’ म्हणतात, ते सगळ्यांना कळतं. एकाच शहरात पोलिसांचा अपर आणि पालिकेचा अतिरिक्त, इंग्रजीत दोघंही एकच.

एवढ्या गर्दीत जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात आणखी एक ‘सह’ आला. मुंबई उपनगरचे पालकमंत्री आशिष शेलार आणि सहपालकमंत्री मंगलप्रभात लोढा. हा सह कुठला? जॉइंट कमिशनरचा की बेन म्हणतात तो बाजूला बसणारा? सहपालकमंत्री पालकमंत्र्यांच्या बरोबरीचे की एक पायरी खाली? माझ्या ओळखीत चार वर्तमानपत्र वाचणारी माणसं आहेत, चौघांची चार उत्तरं आली. मला त्या दोघांच्या राजकारणात शिरायचं नाही. शब्द ऐकून अधिकार कळत नाही, एवढंच दाखवायचं होतं.

माझी मुलगी अंधेरी पूर्वेला एका कंपनीत आहे. तिथं लीड असतो, को-लीड असतो, मालक दोघं मिळून को-फाउंडर. वर्तमानपत्रं सहसंस्थापक लिहितात, ऑफिसात कुणी म्हणत नाही. तिला म्हटलं, तुम्ही दोघी को-लीड, मग शेवटचा शब्द कुणाचा? म्हणाली, “जिनं मेल आधी उघडला तिचा.” तेव्हा इंग्रजीतही या ‘को’चा निकाल लागलेला आहे अशी समजूत करून घेऊ नये.

आणि तरी वाटून घेतलेलं पद ही कल्पना आपल्याला नवी आहे का? आपल्या गावगाड्यात पाटीलकी हे वतन होतं आणि वतनाचे वाटे पडत. भावाभावांत पडत, विकतही दिले जात. निमे पाटीलकी विकत घेतल्याची खतं इतिहास संशोधकांनी ढिगानं छापलेली आहेत. वाट्याला तक्षीम म्हणत, वाटेकरी तो तक्षीमदार. थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम. आणि त्या कागदांत नुसतं ‘अर्धं तुझं, अर्धं माझं’ लिहून थांबत नसत. कागदावर आधी नाव कुणाचं, पाटलाची नांगराची निशाणी कुणी कुठं काढायची, शिमग्याच्या होळीचा मान कुणाचा, पोळ्याला कुणाचे बैल पुढं, विडा आधी कुणाच्या हातात, सगळं एकेक करून लिहीत. वाचताना हसू येतं. पण आमच्या कमिटीत दोन सभा कशावर गेल्या सांगू? बिल्डरच्या पत्रावर आधी सही कुणाची आणि बैठकीत पहिला चहा कुणापुढं, यावर. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या खतांत आम्हाला लागणारं सगळं होतं. त्यांना कळत होतं की पद वाटायचं तर मानही मोजून वाटावा लागतो, नाहीतर भांडण दिवाणापर्यंत जातं.

राजकारणालाही हे येतं. २००३ साली महाबळेश्वरला उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले. वर शिवसेनाप्रमुख असताना रोजचं काम पाहणारा तो कार्याध्यक्ष, किती नेमका शब्द! विधानसभेत अध्यक्ष नसतील तेव्हा खुर्चीवर बसायला तालिका अध्यक्ष असतात. जुलै २०२१ मध्ये भास्कर जाधव त्या खुर्चीत असताना बारा आमदार निलंबित झाले, तेव्हा सबंध महाराष्ट्रानं तो शब्द पाठ केला. म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसतो त्याला आपल्याकडे शब्द आहे, एक मानाचा आणि एक कामाचा असतो त्याला आहे, हाताखालच्याला तर अर्धा डझन आहेत. दोघं एका वेळी, एका उंचीवर बसतात, त्याला मात्र बिनगोंधळाचा शब्द नाही. आमच्यातल्या एकानं ‘संयुक्त अध्यक्ष’ सुचवलं. ते ऐकून बेन म्हणाल्या, “हे तर जॉइंट अकाउंट वाटते.”

तर माझं मागणं असं. पदनाम कोश पुन्हा हातात घ्या. या वेळी तो मंत्रालयातून खाली उतरवा आणि सोसायटीच्या सभेत, बचत गटात, गणेशोत्सव मंडळात, रिक्षा युनियनच्या टपरीवर लोक एकमेकांना काय म्हणतात ते आधी टिपून घ्या. चेअरमनला कोशात जागा द्या, लोकांनी ती कधीच दिलेली आहे. अपर काढा आणि सगळीकडे अतिरिक्त करा, एवढं तर एका परिपत्रकाचं काम आहे. पदाला बाईचं वेगळं रूप ठेवू नका. ऑनररी असेल तिथं ‘मानद’ पूर्ण लिहायचं, ‘मा.’ चालणार नाही, असं उपविधींच्या मराठी प्रतीत घालायला सहकार खात्याला सांगा. आणि ‘सह’ मोकळा करा. जॉइंटसाठी काही तरी दुसरं शोधा, तुमच्याकडे त्यासाठी माणसं आहेत. सह हा शब्द बरोबरीनं बसणाऱ्या दोघांसाठीच राखून ठेवा, म्हणजे ‘सहअध्यक्ष’ ऐकल्यावर कुणी उतरंड काढायला वकिलाकडे जाणार नाही.

आमचा वॉचमन सध्या आलेल्या माणसाला सांगतो, “दोनों मॅडम को पूछो.” इतकं स्वच्छ पदनाम आम्हाला अजून सुचलेलं नाही, पण ते शिक्क्यावर कोरता येत नाही.

आमची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. माझा नवा शिक्का झालेला आहे, बेनच्या शिक्क्याची ऑर्डर अजून दिलेली नाही. त्यावर काय कोरायचं ते तेवढ्यात कळवावं.

आपली,
एक अध्यक्ष (मानद),
मुलुंड (पूर्व)